देव प्रथम, मग सेवा

एका शास्त्र्याने प्रभू येशूला विचारले की, सर्व आज्ञांत पहिली कोणती? प्रभूने दोन आज्ञा सांगितल्या : देवावर सर्वस्वाने प्रीती आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती (संत मार्क, अध्याय १२). या दोन्ही आज्ञा एकमेकींपासून तोडता येत नाहीत. तथापि, त्यांचा क्रम प्रभूनेच ठरवून दिला आहे. 'सेवा हीच प्रार्थना' असे म्हणून अनेक भाविक आज पहिली आज्ञा दुसरीत विसर्जित करतात. हा क्रम का राखावा, याचा विचार आपण करू या.

वर्धा जिल्हा ही सेवेची भूमी आहे. १९३६ साली महात्मा गांधी सेवाग्रामी आले आणि त्याच वर्षी दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी कुष्ठरुग्णांची सेवा आरंभिली. सेवाग्राम आश्रमात कामाचे डोंगर होते. तरीही पहाटेची व सायंकाळची प्रार्थना चुकत नसे. पवनार येथे विनोबांनी १९५९ साली भगिनींसाठी स्थापन केलेल्या ब्रह्मविद्या मंदिरातही श्रम आणि प्रार्थना यांची सांगड घातली गेली. बंधुभगिनींनो, अन्य धर्मीयांची ही निष्ठा आपल्याला अंतर्मुख करणारी आहे.

याच जिल्ह्यात एका ख्रिस्ती सेवकाचेही उदाहरण आहे. डॉ. जे. सी. कुमारप्पा यांचा जन्म १८९२ साली तंजावर येथे एका प्रोटेस्टंट कुटुंबात झाला. मुंबईतील हिशेबतपासनिसाचा चांगला व्यवसाय सोडून ते गांधीजींच्या कार्यात सामील झाले. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाची धुरा त्यांनी वर्ध्याच्या मगनवाडीत वाहिली. १९४२ च्या आंदोलनानंतर त्यांना जबलपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले. घाणी, चरखा, ग्रामीण कारागीर, सारे काम हातून सुटले. त्या बंदिवासात त्यांनी अर्थशास्त्रावर जसे लिहिले, तसेच येशूचे आचरण व उपदेश यांवरही एक पुस्तिका लिहिली. काम गेले, पण ज्याच्यासाठी काम केले तो प्रभू जवळच होता.

हीच आपल्या जीवनाची खरी कसोटी आहे. कापूस हातचा जातो, कर्ज वाढते, आजारपण येते, वार्धक्यात हातपाय थकतात. ज्याचा आधार केवळ कर्तृत्व आहे, तो अशा वेळी एकाकी पडतो. ज्याचे देवाशी नाते दृढ आहे, त्याचे दुःख टळत नाही. परंतु ते दुःख सांगायला त्याला कोणीतरी असते.

देवाला प्रथम स्थान देणे म्हणजे शेत पडीक टाकणे नव्हे. प्रभूने मार्थेचे काम नाकारले नाही. तिची व्यग्रता मात्र दाखवून दिली (संत लूक, अध्याय १०). ख्रिस्तसभेलाही कष्टकऱ्यांच्या अडचणी ठाऊक आहेत. १९८३ च्या धर्मसभा कायद्यानुसार रविवारच्या मिस्साबलिदानाचे कर्तव्य आदल्या दिवशी सायंकाळच्या मिस्साबलिदानाने पूर्ण होते. धर्मगुरूंअभावी किंवा अन्य गंभीर कारणामुळे मिस्सा शक्य नसेल, तर शब्दविधीत सहभागी व्हावे अथवा एकट्याने, कुटुंबासह वा काही कुटुंबांनी एकत्र येऊन प्रार्थना करावी, असा आग्रह हाच कायदा धरतो. मृगाच्या सरींनंतर पेरणीची घाई असलेल्या कुटुंबालाही हे मार्ग खुले आहेत.

म्हणून आपण लहान आरंभ करू या. सकाळी मोबाईल हाती घेण्यापूर्वी क्रुसाची खूण व एक छोटी प्रार्थना, रात्री जेवणाआधी कुटुंबासह शुभवर्तमानातील एक उतारा, आणि जेथे शक्य तेथे पवित्र साक्रामेंतासमोर काही शांत क्षण. प्रार्थनेतून उठणारा माणूस शेजाऱ्याकडे रिकाम्या हातांनी जात नाही. प्रभू आपल्या घराघरांत प्रथम स्थानी विराजमान होवो, हीच प्रार्थना.