वाऱ्याचा हंगाम, उपशाचा हंगाम
लेखमाला : वाऱ्याची वीज – लेखांक 6

बारामती-इंदापूरच्या माणसाला पवनचक्क्यांची रांग पाहायची असेल, तर साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावर जावे लागते, नाहीतर पारनेरमधल्या सुप्याजवळच्या डोंगरावर (सुपे बारामतीतलेही आहे, हे ते नव्हे). ‘आपल्याकडे कुठला आलाय वारा’ हा समज त्यातूनच पक्का झाला. राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचा अंदाज धरला, तर जमिनीपासून 150 मीटर उंचीवर देशात सुमारे 11 लाख 64 हजार मेगावॉट आणि एकट्या महाराष्ट्रात सुमारे 1 लाख 74 हजार मेगावॉट क्षमता आहे. प्रत्यक्षात मार्च 2025 अखेर देशभर उभी राहिली ती जेमतेम 50 हजार मेगावॉट. हे आकडे भाषणात शोभतात, पण या दोन तालुक्यांना त्यांचा फारसा उपयोग नाही. आपल्याकडे हिशेब मांडायचा तो महिन्यांचा.

आपला वारा वर्षभर सारखा वाहत नाही. सेकंदाला चार मीटरऐवजी आठ मीटर वाऱ्यात ताकद दुप्पट नसते, आठपट असते. त्यामुळे वर्षाच्या पवनविजेचा मोठा वाटा जून ते सप्टेंबरमध्येच पदरात पडतो. आपल्याकडच्या विजेचे बाकीचे दोन स्रोत नेमके याच महिन्यांत ढिले पडतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांची बगॅसवरची वीज गाळपाशी बांधलेली, म्हणजे दिवाळीच्या आसपास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी थांबणारी. सौर कृषी वाहिनीचे पॅनेल ढगांखाली मंदावतात. मग पावसाळ्यात ग्रिडवर येणारा हा वारा कुणाच्या कामाचा? नेहमीचे उत्तर असे की, तेव्हा शेतीपंप बंद असतात, म्हणून ही वीज नको तेव्हा येते. कोकणाला आणि मावळाला हे लागू पडेल. सुपे, मोरगाव, लोणी भापकरला नाही.

हा सगळा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. जुलैत खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडतात, वीरचे दरवाजे उघडून नीरा दुथडी वाहते, आणि त्याच आठवड्यात बारामतीच्या जिरायत गावांत बाजरी करपत असते. पुराचे पाणी उचलून पाझर तलाव भरून द्या, ही मागणी तेव्हाच होते. ते पाणी उचलायचे तर जनाई-शिरसाई किंवा पुरंदर उपशाचे पंप चालवावे लागतात, आणि पंप म्हटले की बिल कोणी भरायचे हा वाद आलाच. पाणीपट्टी थकते, बिल थकते, आवर्तन लांबते. तोवर मुठेचे पाणी उजनीत जाते आणि उजनी भरली की भीमेने पुढे कर्नाटकात. धरणे भरवणारा आणि चक्क्या फिरवणारा मोसमी वारा एकच आहे. म्हणून पावसाळी उपसा हे पवनविजेचे हक्काचे गिऱ्हाईक आहे, असे माझे म्हणणे आहे. उजनीतून पाणी उचलणाऱ्या लाकडी-निंबोडी योजनेलाही हाच हिशेब लावून पाहावा.

वारा लहरी आहे, दुपारी भरला तर पहाटे पडतो, हा आक्षेप खरा आहे. दवाखान्याला तशी वीज चालणार नाही. पाझर तलावाला मात्र पाणी दुपारी आले की मध्यरात्री, याने फरक पडत नाही. चारातले दोन पंप थांबले तर तलाव दोन दिवस उशिरा भरेल, एवढेच. रब्बी-उन्हाळी आवर्तनाची गोष्ट वेगळी. तिथे पाळी ठरलेली असते आणि वाराही नसतो. तो भार सूर्याने आणि ग्रिडनेच उचलावा.

दुसरा आक्षेप जमिनीचा. मयूरेश्वर अभयारण्याभोवतीची किंवा कडबनवाडीची माळराने कागदावर पडीक दिसतात, पण ती चिंकाऱ्यांची आणि लांडग्यांची घरे आहेत. तिथे चक्क्या नकोतच, आणि त्यांची गरजही नाही. वीज तारेतून येते. पठारावरच्या प्रकल्पाशी चार महिन्यांचा करार करता येतो. दराचे म्हणाल, तर फेब्रुवारी 2017 मध्ये देशातल्या पहिल्या पवनऊर्जा लिलावात भाव युनिटमागे 3 रुपये 46 पैशांवर उतरला होता. त्यावर वहनाचा आकार चढतो, हे मान्य. पण आज बिलाअभावी बंद राहणाऱ्या पंपाच्या पाण्याचा भाव कुणी काढतच नाही. तो कसा काढायचा आणि असा हंगामी करार जलसंपदा खात्याच्या नियमांत कुठे अडतो, ते पुढच्या लेखांकात.