मेंदू नाही, पण वैताग आहे!

स्टेंटर हा गोड्या पाण्यातला एकपेशीय जीव. आकार कर्ण्यासारखा, आणि मोठे तर मिलिमीटरभर लांब. नजर चांगली असेल तर भिंगाशिवायही दिसतात. बूड एखाद्या पाणवनस्पतीला चिकटवायचं आणि तोंडाभोवतीचे बारीक तंतू हलवून पाण्यासोबत अन्न ओढायचं, हा दिनक्रम.

प्राणिशास्त्रज्ञ हर्बर्ट जेनिंग्ज यांनी स्टेंटर रोझेली या जातीवर कार्माइन या लाल रंगाची पूड सोडली होती. 1906च्या पुस्तकात त्यांनी ते वर्णन दिलंय. आधी तो अंग वळवतो. पूड येतच राहिली की तंतू उलटे फिरवून ती झटकतो. तरीही थांबेना, तर आक्रसून बसतो. आणि शेवटी गाशा गुंडाळून चालता होतो! एका पेशीकडे इतके पर्याय? पुढे अनेकांना हे पटलंच नाही.

2019मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी प्लास्टिकचे सूक्ष्म मणी वापरून प्रयोग पुन्हा केला. क्रम प्रत्येकाचा जरा वेगळा, पण जेनिंग्ज बरोबरच होते. गंमत म्हणजे, पुन्हा आक्रसायचं की जागा सोडायची, हा निर्णय जवळपास छापा-काट्यासारखा निघाला.

स्टेंटर रोझेलीचा निळा भाऊबंद तर याहून चिवट. कापला, तरी केंद्रकाचा अंश असलेला तुकडा दिवसाच्या आत पुन्हा अख्खा स्टेंटर होतो.