जुना टर्नटेबल: दुरुस्त करावा की बदलावा?

जुन्या टर्नटेबलचा निकाल दोन भाग पाहून लावावा: थाळीचे बेअरिंग आणि टोनआर्म. सुई, बेल्ट, रबरी पाय हे झिजणारेच भाग. ते बदलण्यासाठीच असतात. सुई साधारण ५०० ते १,००० तास चालते, म्हणून आवाज चिरकू लागला की आधी संशय तिच्यावर घ्यावा. पुष्कळ चांगली यंत्रे केवळ बोथट सुईपायी भंगारात जातात.

बेअरिंग तपासणे सोपे आहे. बेल्ट काढून थाळी हाताने फिरवावी. ती बराच वेळ निःशब्द फिरायला हवी आणि बाजूला डुगडुगता कामा नये. टोनआर्मचे वजन असे जुळवावे की तो हवेत आडवा तरंगेल, मग बोटाने हलकेच ढकलावा. मध्येच अडकला किंवा सांध्यात खेळ जाणवला, तर दुरुस्ती कसबी कारागिराची आणि खर्चाची.

इंग्लंडमधील गॅरार्ड कंपनीच्या ३०१ मध्ये थाळी रबरी चाकाने फिरते. रबर कडक झाले की घरघर येते; पण चाक बदलता येते, यंत्र टाकण्याजोगे नसते. १९७० च्या दशकापासून बनणाऱ्या लिन एलपी १२ या बेल्टवरच्या टर्नटेबलला नंतरच्या काळातले सुधारित भाग बसवता येतात. टेक्निक्सच्या एसएल-१२०० एमके२ मध्ये (१९७९) मोटर थेट थाळीखाली असते. हे उत्पादन २०१० मध्ये थांबले आणि एसएल-१२०० ही मालिका २०१६ मध्ये परत आली. अशा यंत्रांवर पैसा घालावा.

एचएमव्ही फिएस्टासारख्या पेटीवजा प्लेअरची गोष्ट वेगळी. त्यांतले सिरॅमिक कार्ट्रिज रेकॉर्डवर ५ ग्रॅमच्या आसपास भार टाकते. चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला दीड-दोन ग्रॅम पुरतात. पण ते बसवण्याचा खटाटोप करू नये. आर्म त्या तोलाचा नसतो आणि मॅग्नेटिक कार्ट्रिजच्या काही मिलिव्होल्टना वेगळा फोनो प्रीअँप लागतो. असा प्लेअर आठवण म्हणून ठेवावा. जपायच्या एलपींसाठी दुसरा घ्यावा. मात्र बाजारातले स्वस्त, सुटकेससारखे नवे प्लेअरही बहुधा सिरॅमिकच असतात, त्यामुळे त्या बदलाने काही साधत नाही.

अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेल्या यंत्राची अडचण केवळ ११० व्होल्टची नसते. तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. जुनी सिंक्रोनस मोटर वारंवारितेनुसार फिरते. ट्रान्सफॉर्मर लावला तरी ३३⅓ ऐवजी मिनिटाला सुमारे २७.८ फेरेच होतात आणि काळी दोनमधला गायक जवळजवळ पांढरी एकमध्ये ऐकू येतो. मोटरची पुली बदलून हे सुधारते. क्वार्ट्झ-नियंत्रित यंत्रांना हा त्रास नाही. त्यांना योग्य व्होल्टेज मिळाले की झाले.

घरात बालगंधर्वांच्या किंवा मास्टर दीनानाथांच्या लाखेच्या रेकॉर्ड असतील, तर पारडे जुन्याकडे झुकते, कारण अशा रेकॉर्डना मिनिटाला ७८ फेऱ्यांचा वेग लागतो आणि पुष्कळ नव्या टर्नटेबलवर तो नसतोच. सुईही वेगळी हवी: एलपीच्या गोल सुईचे टोक सुमारे १८ मायक्रॉन त्रिज्येचे, तर ७८ च्या सुईचे सुमारे ७५. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी घसरते आणि खरखरच उचलते. अशा घरात एलपींसाठी नवा टर्नटेबल जरूर घ्यावा, पण ७८ चा वेग असलेला जुना, बेअरिंग ठीक असेल तोवर, विकू नये.