मिंग सम्राटांचे भुयारी महाल

बीजिंगच्या उत्तरेस सुमारे ५० किलोमीटरवर, तिआन्शोऊ डोंगराच्या पायथ्याशी मिंग घराण्यातील १३ सम्राटांची थडगी आहेत. ही जागा सम्राट योंगलने १४०९ मध्ये निवडली. फंगश्वे या चिनी भूमिशास्त्राप्रमाणे थडग्याच्या पाठीशी डोंगर आणि समोर मोकळी जमीन व पाणी हवे. इथे तिन्ही गोष्टी जुळून आल्या होत्या. सर्व थडग्यांकडे जाणारा मुख्य मार्ग एकच, सुमारे ७ किलोमीटरचा. त्याच्या दुतर्फा सिंह, उंट, हत्ती, घोडे, काल्पनिक प्राणी आणि दरबारी अधिकारी दगडात घडवून उभे केले आहेत.

प्रत्येक थडग्याची रचना साधारण सारखीच. आधी दरवाजा, मग पूजेचा दिवाणखाना, त्यामागे शिलालेखाचा मनोरा आणि शेवटी भिंतीने वेढलेली मातीची गोल टेकडी. टेकडीच्या पोटात सम्राट विसावलेला असतो. सुरुवातीच्या मिंग सम्राटांबरोबर त्यांच्या उपपत्नींनाही मरावे लागे. १४६४ मध्ये सम्राट यिंगझोंगने मृत्यूपूर्वी ही क्रूर प्रथा बंद केली. बांधकामाच्या कोणत्याही वैभवापेक्षा ही आज्ञा मोठी म्हणावी लागेल.

या तेरा थडग्यांतील दिंगलिंग हे सम्राट वानलीचे थडगे. ते १५८४ ते १५९० या काळात, सम्राट हयात असतानाच, बांधून झाले. त्यावर सुमारे ८० लाख ताएल (वजनाचे चिनी माप) चांदी खर्ची पडली. जमिनीखाली दगडी कमानींची पाच दालने आहेत. मधल्या दालनात संगमरवरी सिंहासने आणि दिव्याच्या तेलाचे मोठे रांजण, तर मागच्या दालनात सम्राट आणि दोन सम्राज्ञींच्या शवपेट्या होत्या. दारांची युक्ती तर विलक्षण आहे. बाहेर पडणारे लोक दार ओढून घेत, तशी आतल्या बाजूला टेकवलेली दगडी पट्टी सरकत खाली येऊन दोन्ही झडपांना आतून अडसर लावी.

इतिहासकार आणि बीजिंगचे उपमहापौर वू हान यांच्या आग्रहाने १९५६ मध्ये दिंगलिंगचे उत्खनन सुरू झाले. खोदताना एक छोटा शिलालेख सापडला. आतली भिंत किती अंतरावर आणि किती खोल आहे, हे त्यावर कोरलेले होते. पुढे दाराच्या फटीतून वाकवलेली तार घालून ती पट्टी उचलली गेली. आत सोन्याच्या बारीक तारांचा मुकुट, सम्राज्ञींचे रत्नजडित मुकुट, रेशमाचे ढीग असा सुमारे ३००० वस्तूंचा साठा मिळाला.

पण तो जपण्याची तयारी नव्हती. शतकानुशतके बंद हवेत टिकलेले रेशीम बाहेरची हवा लागताच काळवंडून कडक झाले. मूळ शवपेट्या टाकून देण्यात आल्या. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, १९६६ मध्ये, रेड गार्ड या क्रांतिवादी तरुणांच्या गटांनी सम्राट आणि सम्राज्ञींच्या अस्थी जाळून टाकल्या. तीनशेहून अधिक वर्षे जमिनीखाली सुरक्षित राहिलेल्या अवशेषांची एका दशकात झालेली ही हानी कशानेही भरून येणारी नाही. दिंगलिंगच्या अनुभवानंतर राजथडगी स्वतःहून न खोदण्याचे धोरण चीनने स्वीकारले. उरलेल्या बारा थडग्यांचे भुयारी महाल आजही बंद आहेत.