विमानातली हवा कुठून येते?

मुंबई-दिल्ली विमान साधारण ३५ हजार फुटांवरून, म्हणजे साडेदहा किलोमीटरहून अधिक उंचीवरून जाते. आत प्रवासी सँडविच खात बसलेले असतात. खिडकीच्या पलीकडे, वीतभर अंतरावर, तापमान उणे ५० अंशांच्या आसपास असते आणि हवेचा दाब जमिनीवरच्या जेमतेम एक चतुर्थांश. त्या हवेत माणूस अर्धा ते एक मिनिटच भानावर राहू शकतो. त्यामुळे प्रवासी विमान म्हणजे खरे तर एकात एक बसवलेली दोन यंत्रे. एक आपल्याला उडवते, दुसरे उडताना जिवंत ठेवते. या दुसऱ्याबद्दल तिकीट काढणाऱ्याला, आणि कित्येकदा त्याच्या डॉक्टरलाही, फारसे ठाऊक नसते.

पहिले यंत्र ओळखीचे आहे. पंख विमानाला उचलून धरतात आणि त्यांच्या पोटात इंधनही साठवलेले असते. इंजिने पुढे ढकलतात. शेपटीचा उभा आणि आडवा भाग विमान डोलू देत नाही. उड्डाणानंतर पायाखाली ‘धड्’ असा आवाज येतो, तो चाके आत घेतल्याचा. घाबरण्यासारखे त्यात काही नाही.

शरीराच्या दृष्टीने महत्त्वाचे ते मधले नळकांडे, फ्यूजलाज. जे. आर. डी. टाटांनी १९३२ मध्ये कराचीहून मुंबईला टपाल आणले, ते छोटे विमान कमी उंचीवरून उडणारे होते. त्याला आत वेगळा दाब राखण्याची गरज नव्हती. पण उंचावरच्या विरळ हवेत विमानाला विरोध कमी होतो, इंधन वाचते आणि वादळी ढगही बरेचसे खाली राहतात. म्हणून विमाने वर गेली, आणि माणसांसाठी आत हवा दाबून भरणे आले. अशा नळकांड्याला प्रत्येक फेरीत फुग्यासारखा ताण बसतो आणि सुटतो. ‘कॉमेट’ हे जगातले पहिले जेट प्रवासी विमान १९५२ मध्ये सेवेत आले आणि १९५४ मध्ये त्यातली दोन विमाने हवेतच फुटली. इंग्लंडमध्ये एक अख्खे कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून आतला दाब पुन्हा पुन्हा वाढवून-उतरवून पाहिले, तेव्हा कळले की कवचातल्या चौकोनी कापांच्या कोपऱ्यांपाशी ताण एकवटून धातू थकतो आणि चिरतो. आजच्या खिडक्यांचे कोपरे गोल असतात ते दिसायला बरे म्हणून नव्हे. काचेच्या खालच्या बाजूला दिसणारे बारीक भोकही दाबासाठीच आहे. खिडकीला एकामागे एक काचा असतात. त्या भोकामुळे दाबाचा भार बाहेरच्या मजबूत काचेवर जातो.

आता हवा. बहुतेक विमानांत ती इंजिनातून येते, हे ऐकून अनेकांचा चेहरा बदलतो. पण ती धुराची हवा नव्हे. इंधन मिसळण्याआधी इंजिन बाहेरची विरळ हवा दाबते; त्या दाबलेल्या, तापलेल्या हवेचा थोडा भाग काढून घेतात, थंड करतात आणि केबिनमध्ये सोडतात. बोइंग ७८७ मध्ये मात्र हे काम विजेवर चालणारे कॉम्प्रेसर करतात. विमानाच्या मागच्या भागात एक झडप असते. ती कमी-जास्त उघडून आतला दाब राखला जातो. जवळपास निम्मी हवा गाळून पुन्हा वापरतात. बहुतेक मोठ्या विमानांतली ही गाळणी ऑपरेशन थिएटरच्या दर्जाची असते. केबिनमधली हवा तासाला वीस ते तीस वेळा बदलते. शेजारचा खोकत असेल तर काळजी जरूर करावी, पण ती शेजाऱ्याची. दहा रांगा पुढच्याची नव्हे.

आतला दाब समुद्रसपाटीइतका ठेवत नाहीत, कारण तेवढा ताण सोसणारे कवच फार जड होईल. नियम असा की केबिनमधली हवा आठ हजार फुटांवरच्या हवेपेक्षा विरळ असू नये. ७८७ आणि एअरबस ए३५० मध्ये ही मर्यादा सहा हजारांच्या आसपास आहे. उटी सुमारे सव्वासात हजार फुटांवर. थोडक्यात, विमानात बसलेला माणूस अर्ध्या तासात उटीच्याही वर पोहोचलेला असतो. निरोगी माणसाचे ऑक्सिजनचे प्रमाण ९७-९८ वरून ९०-९३ टक्क्यांपर्यंत उतरते आणि त्याला पत्ताही लागत नाही.

ही व्यवस्था चुकली तर काय होते, हे मुंबईकरांनी पाहिले आहे. २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या विमानात हवा भरण्याचे बटण सुरू करायचे राहून गेले. सुमारे तीस प्रवाशांना कानदुखी, डोकेदुखी, काहींना नाकातून रक्त, असा त्रास झाला. विमान मुंबईला परतले. २००५ मध्ये सायप्रसहून अथेन्सकडे निघालेल्या हेलिओसच्या विमानात दाबाचे नियंत्रण स्वयंचलितऐवजी हाताने चालवण्याच्या स्थितीत राहिले. धोक्याचा भोंगा वाजला, पण वैमानिकांनी त्याचा अर्थ वेगळाच लावला. पुढे ते बेशुद्ध झाले आणि १२१ जणांचा जीव गेला. ऑक्सिजन कमी पडताना गुदमरल्यासारखे वाटेलच असे नाही. अनेकदा माणसाला उलट बरे वाटते, विचार मात्र सुटत जातो. म्हणून आधी स्वतःचा मास्क लावा, मग मुलाचा, असे सांगतात. तो ओढला की ऑक्सिजन सुरू होतो. पिशवी फुगली नाही तरी तो येत असतो. साठा साधारण बारा मिनिटांचा असतो, आणि तेवढ्यात वैमानिक विमान दहा हजार फुटांपर्यंत खाली आणतो.

नेहमीच्या, सुरळीत प्रवासातही काहींना सावध राहावे लागते. दमा, सीओपीडी किंवा हृदयविकार असलेल्याने सपाटीवर पन्नास मीटर चालून पाहावे. दम लागत असेल तर तिकिटाआधी डॉक्टर गाठावा. करोनापासून घरोघरी ऑक्सिमीटर आहेत. बसल्या जागी ९२ टक्क्यांच्या खाली आकडा असेल, तर विमानात ऑक्सिजन लागेल असेच धरून चालावे. त्यासाठी विमान कंपनीला आधी कळवावे लागते, आपला सिलिंडर उचलून नेता येत नाही. हिमोग्लोबिन साडेसातच्या खाली असलेल्यांनी आणि सिकलसेलच्या रुग्णांनीही विचारूनच जावे.

दुसरा प्रश्न हवेच्या फुगण्याचा. वर गेल्यावर वेफर्सचे पाकीट टम्म होते, तशीच शरीरात अडकलेली हवा सुमारे एक तृतीयांशाने फुगते. कानाला दडे बसतात ते उतरताना जास्त. तेव्हा तान्ह्या बाळाला झोपू न देता पाजावे. छातीत हवा साठण्याचा आजार झाला असेल, तर एक्स-रेत फुफ्फुस पूर्ण फुगलेले दिसल्यावरही किमान आठवडाभर थांबावे. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर साधारण दहा दिवस. सर्वांत जास्त विसरले जाते ते डोळ्याचे. पडदा सरकल्यावरच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात. तो विरण्याआधी विमानात बसल्यास डोळ्यातला दाब वाढून दृष्टी कायमची जाऊ शकते. त्यासाठी कित्येक आठवडे लागू शकतात, आणि तो विरला की नाही हे शस्त्रक्रिया करणाऱ्यालाच विचारावे.

तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग करून संध्याकाळी चिपी किंवा मोपाहून परतण्याचा बेत करणाऱ्यांसाठी एवढेच: खोल पाण्यात रक्तात विरघळलेला नायट्रोजन केबिनच्या कमी दाबात बुडबुडे होऊन सांध्यांत, कधी मज्जारज्जूत अडकू शकतो. एकदा बुडी मारली असेल तर किमान बारा तास, अधिक वेळा मारली असेल तर अठरा तास जमिनीवर काढावेत. परतीचे तिकीट दुसऱ्या दिवशी संध्याकाळचे काढले तर आणखी बरे.