गोदीच्या गच्चीवरची शेती

आमच्या शहापूरच्या तानसा धरणाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय. उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर, पण ते असो! त्या मुंबईत, १८७३ साली स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी शेती उभी केली. स्वयंपाकघरातला ओला कचरा खाली टाकायचा नाही, वर न्यायचा, त्याचीच माती करायची. त्यांच्या 'अर्बन लीव्हज' या उपक्रमातून ही विद्या गृहिणी, विद्यार्थी, नोकरदारांपर्यंत गेली.

पद्धत 'प्रयोग परिवार'वाल्या श्री. अ. दाभोळकरांची, हे गणिताचे प्राध्यापक बरं का. १० लिटर पाण्यात १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम काळा गूळ. तीन दिवस ढवळायचं, मग दहापट पाणी घालून त्यात सुका पालापाचोळा दिवसभर भिजवायचा आणि त्याचा ढीग रचायचा. विकतची माती लागत नाही.

मुरबाड-शहापूरच्या मंडळींनो, पालापाचोळा आणि शेण आपल्या दारातच आहे. आपण मात्र भातलावणीआधी राब भाजण्यात तेच जाळून टाकतो. निदान परसातल्या वाफ्यापुरतं तरी करून बघा. शेण ताजंच घ्या, वाळलेलं चालत नाही.