कीफरची चिलटं

तळ्याकाठच्या दिव्याभोवती संध्याकाळी जे थवे घोंघावतात, ते सगळे डासांचे नसतात. त्यांत काइरोनोमिडी कुळातली न चावणारी चिलटंही असतात. नराच्या मिशा पिसांसारख्या असतात आणि बसल्यावर ते पुढचे पाय उचलून धरतात. या कुळातल्या ७,०००हून अधिक जातींना आजवर नावं मिळाली आहेत. त्या नावांपैकी किती खरी, हा हिशेब मात्र संग्रहालयांत अजून चालूच आहे.

भारतापुरता हा हिशेब सुरू होतो लोरेनमधल्या बिच गावच्या एका कॅथलिक धर्मगुरूपासून. झां-झाक कीफर शाळेत निसर्गविज्ञान शिकवत आणि फावल्या वेळात कीटकांना नावं देत. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधली चिलटं त्यांच्याकडे गेली आणि १९१० व १९११ साली त्याच संग्रहालयाच्या प्रकाशनांतून त्यांचे मोठे निबंध छापून आले. कीफर यांच्या कामाचा आवाका थक्क करणारा होता. वर्णनं मात्र त्रोटक. रंग, केस आणि पायांच्या भागांची गुणोत्तरं एवढ्यावर पुष्कळदा भागवलेलं, कधी तर हाताशी फक्त मादी. आज अभ्यासक त्यांच्या नावाने बोटं मोडतात. मला ते थोडं अन्यायाचं वाटतं, कारण कोणत्या खुणा टिकाऊ हे तेव्हा ठरायचंच होतं. वाळल्यावर हिरवं चिलट पिवळट पडतं, तर रंगावर भिस्त ठेवायची कशी?

टिकते ती नराच्या पोटाच्या टोकाची, म्हणजे जननांगांची, रचना. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधले एफ. डब्ल्यू. एडवर्ड्स यांनी १९२९ साली ब्रिटनमधल्या चिलटांची मांडणी केली, त्यात या जननांगांना मोठं वजन दिलं. ती पाहायची तर शंभर वर्षं टाचणीवर वाळलेल्या, श्वास लागला तरी तुटेल अशा कीटकाचं पोट सोडवून घ्यावं लागतं. ते पोटॅशच्या द्रावणात ठेवलं की स्नायू विरघळतात आणि कायटिनचा सांगाडा उरतो. मग अल्कोहोलने त्यातलं पाणी काढायचं आणि कॅनडा बाल्समच्या थेंबात, नेमक्या बाजूने वळवून, काचपट्टीवर बसवायचं. वळवण्यातच खरी कसोटी लागते. टोक तिरकं बसलं तर चिमट्यासारखे अवयव एकमेकांआड जातात आणि वर्णन पुन्हा फसतं. नमुना मूळ वर्णनाचा आधार असेल तर दुसरा मिळत नाही. बुडापेस्टच्या संग्रहालयातला माश्या-डासांचा बहुतांश संग्रह १९५६च्या आगीत जळाला. तिथल्या नमुन्यांवर बेतलेली कितीतरी नावं तेव्हापासून कागदावरच उरली आहेत.

नावांचा घोळ प्रयोगशाळेतही शिरतो. अळीच्या लाळग्रंथीतल्या राक्षसी, म्हणजे अवाढव्य, गुणसूत्रांवरच्या असंख्य निबंधांत भेटणारं ‘कायरोनोमस थुम्मी’ हे कीफर यांनी १९११ साली दिलेलं नाव. तोच कीटक कीटकशास्त्रज्ञ माइगेन यांनी १८०४मध्ये ‘रिपेरियस’ म्हणून नोंदवला होता, म्हणून आता जुनं नाव चालतं. त्याचा सख्खा शेजारी ‘पायगर’ दिसायला इतका सारखा की खात्रीसाठी अळीच्या लाळग्रंथीतल्या गुणसूत्रांचे पट्टे वाचावे लागतात. जुन्या टाचणीवरच्या प्रौढाकडून हे पट्टे मिळणार कुठून? डीएनए काही वेळा मदतीला येतो, पण बाल्सममधल्या नमुन्यातून तो काढणं जिकिरीचं.

पुणे विद्यापीठात ज्याच्या अळ्यांवर किरणोत्साराच्या परिणामांचा अभ्यास झाला, त्या ‘कायरोनोमस रॅमोसस’ला नाव मिळालं थेट १९९२ साली. चौधुरी, दास आणि सबलेट यांनी भारतीय कायरोनोमसची उजळणी केली तेव्हा. अशा प्रयोगांच्या निबंधांत जातीचं नाव एका ओळीत उरकलं जातं. खरं तर पुढे नाव पडताळता यावं म्हणून वाढवलेल्या पिढीतले दोन-चार नर, त्यांच्या अळीच्या नि कोषाच्या कातींसह, काचपट्टीवर चढवून एखाद्या संग्रहालयात ठेवायला फार तर एक दुपार जाते.